दहा विरुद्ध पाच आणि पाच

संगणकावरचे लढाईचे खेळ मुलांनी खेळावेत की नाही, हा वाद येथे नको. मुले ते खेळतात. त्यांतली काही जण संगणकाच्या सैन्याला सहज हरवतात, तर काही जण मोठे सैन्य हाताशी असूनही हरतात. हा फरक सगळाच बोटांच्या चपळाईचा नसतो. त्यामागे एक गणित आहे, आणि ज्याला वर्ग व वर्गमूळ येते अशा कोणत्याही विद्यार्थ्याला ते समजेल.

उदाहरणासाठी ‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाचा दुसरा भाग घेऊ. अमेरिकेतील एन्सेम्बल स्टुडिओज या कंपनीने तयार केलेला हा खेळ मायक्रोसॉफ्टने १९९९ साली बाजारात आणला. २०१९ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली आणि ती आजही खेळली जाते. काळ मध्ययुगाचा. खेळाडूने शेती करायची, लाकूड तोडायचे, सोने खणायचे, त्या बळावर भालाईत, तिरंदाज, चिलखती स्वार आणि दगडफेकी यंत्रे उभी करायची आणि शेजारचे राज्य जिंकायचे. शेजारचे राज्य संगणक चालवतो.

हा शेजारी विचार कसा करतो? १९९९ च्या खेळात त्याचे वागणे नियमांच्या रूपाने लिहिलेले असे. हौशी खेळाडूंना साध्या मजकुराच्या फायलीत स्वतःचे नियम लिहून नवा प्रतिस्पर्धीही घडवता येई. प्रत्येक नियमाचे दोन भाग असतात : अमुक स्थिती असेल, तर तमुक कृती कर. ‘सैनिक वीसच्या वर गेले, तर हल्ला कर’ हा अशा नियमाचा नमुना. संगणक ही यादी खेळभर पुन्हापुन्हा तपासतो, थकत नाही, कंटाळत नाही. शेतकरी रिकामा बसला आहे हे माणसाच्या ध्यानात येत नाही, संगणकाच्या येते. पण वरच्या नियमात काय नाही ते पाहा. सैनिक किती आहेत हे त्यात आहे. ते एकत्र आहेत की वाटेत विखुरले आहेत, हे नाही. स्वार भालाइतापेक्षा वेगाने जातो आणि दगडफेकी यंत्र तर रांगतच येते. त्यामुळे वीस जणांचा हल्ला बहुधा वीस जणांचा म्हणून पोहोचत नाही. आधी सहा येतात, मग आठ, मग उरलेले.

याने इतके काय बिघडते? येथे गणित सुरू होते. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने (मोटारगाड्या बनवणारा म्हणूनही तो प्रसिद्ध आहे) पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानयुद्धाचा विचार करताना हा प्रश्न सोडवला. त्याचे पुस्तक १९१६ साली प्रसिद्ध झाले. समजा, दोन्हीकडचा प्रत्येक सैनिक सारखाच कुशल आहे आणि प्रत्येकाला शत्रूच्या कोणत्याही सैनिकावर मारा करता येतो. मग आपले नुकसान शत्रूच्या संख्येवर अवलंबून राहील आणि शत्रूचे आपल्या. यावरून असे निघते की सैन्याचे बळ त्याच्या संख्येच्या नव्हे, तर संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. लढाई संपल्यावर जेत्याकडे किती उरतील? दोन्ही संख्यांच्या वर्गांची वजाबाकी करा आणि वर्गमूळ काढा.

आता आपले दहा तिरंदाज आणि शत्रूचे दहा. समोरासमोर भिडले तर शंभर वजा शंभर, म्हणजे दोघांचाही नाश. पण शत्रू पाच-पाचच्या दोन तुकड्यांत आला तर? पहिल्या चकमकीनंतर शंभर वजा पंचवीस, म्हणजे पंचाहत्तर; वर्गमूळ सुमारे ८.७. दुसऱ्या चकमकीत पंचाहत्तर वजा पंचवीस, म्हणजे पन्नास. वर्गमूळ सुमारे ७. तेवढेच सैनिक, तेवढीच शस्त्रे, आणि बरोबरीऐवजी आपले सात जण जिवंत.

कलनशास्त्र न शिकलेल्या वर्गात हे फळ्यावर करून दाखवता येते. प्रत्येक फेरीत प्रत्येक सैनिक शत्रूची एक दशांश सैनिकाइतकी हानी करतो असे धरा. दहा विरुद्ध पाच : पहिल्या फेरीनंतर ९.५ आणि ४, दुसऱ्यानंतर ९.१ आणि ३.०५, तिसऱ्यानंतर सुमारे ८.८ आणि २.१. सहाव्या फेरीत लहान बाजू संपते आणि मोठीकडे सुमारे ८.४ उरतात. सूत्राने ८.७ येतात. हा फरक का पडला, असे मुलांना जरूर विचारावे. फेरीत एक दशांशाऐवजी एक शतांश हानी धरली की उत्तर सूत्राच्या अगदी जवळ जाते, आणि कलनशास्त्र म्हणजे काय याची थोडी चुणूक मुलांना मिळते.

संगणकाला हरवण्याच्या बहुतेक युक्त्यांचे मूळ येथे आहे. एखादा वेगवान स्वार शत्रूच्या छावणीजवळ न्यावा, त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात येताच परतावे. ज्यांना तो दिसला ते त्याच्या मागे धावतात, बाकीचे जागेवर राहतात. मागे धावणाऱ्यांची वाट पाहत आपले सगळे तिरंदाज उभे असतात. मग पुन्हा तेच. माणूस दुसऱ्या वेळी सावध होईल. नियमांच्या यादीला पहिली वेळ आठवतच नाही.

दुसरी युक्ती माऱ्याची. या खेळात साध्या तिरंदाजाचा जीव ३० गुणांचा आहे आणि एका बाणाने ४ गुण जातात, म्हणजे तो आठव्या बाणाला पडतो. बाण चुकत नाहीत असे धरले, तर आपल्या आठ जणांनी मिळून एकालाच नेम धरल्यास एका फेरीत एक शत्रू कमी. आठांनी आठ जणांवर नेम धरला तर जखमी आठ, मेलेला एकही नाही, आणि खेळातला जखमी सैनिक धडधाकटाइतकाच मारा करतो. (खऱ्या माणसाचे तसे नसते, हे मुलांना सांगायला हवे.) उंचीचाही हिशेब असाच आहे. उंचावरून केलेल्या घावाला पंचवीस टक्के वाढ, खालून वर केलेल्याला पंचवीस टक्के घट. वर्ग-नियम लावला, तर टेकडीवरचे दहा पायथ्याच्या सुमारे तेरांना पुरे पडतात.

पण हा नियम सगळीकडे चालत नाही, आणि मला यातला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो. पूल किंवा तटाचे भगदाड अशी अरुंद जागा घ्या. तेथे एका वेळी मोजकेच लढू शकतात, मागचे नुसते उभे राहतात. मग संख्येचा वर्ग धरता येत नाही, नुसती संख्या धरावी लागते. लँचेस्टरने हा दुसरा नियमही मांडला होता. याच खेळात नवशिक्यांसाठी विल्यम वॉलेसची मोहीम आहे. ११ सप्टेंबर १२९७ रोजी स्टर्लिंगच्या अरुंद पुलावरून इंग्रज सैन्य नदी ओलांडत होते. काही भाग अलीकडे आणि उरलेला पलीकडे असतानाच वॉलेस आणि अँड्र्यू मरे यांच्या स्कॉट सैन्याने हल्ला केला. पलीकडच्या इंग्रजांना आपल्या लोकांचा संहार पाहत राहण्यापलीकडे काही करता आले नाही. पुलाने शत्रूचे दोन तुकडे केले, आणि त्यांतल्या एकावर स्कॉटांना सगळे बळ लावता आले.

नवे संगणक इतके भोळे राहिलेले नाहीत. २०१९ च्या आवृत्तीतला प्रतिस्पर्धी दगडफेकी यंत्राचा दगड येताना पाहून सैनिक बाजूला करतो, तेही माणसापेक्षा चपळाईने. त्याच वर्षी जानेवारीत डीपमाइंड या कंपनीने अल्फास्टार ही स्वतः शिकणारी प्रणाली जाहीर केली. हिचा खेळ वेगळा, ‘स्टारक्राफ्ट’चा दुसरा भाग, तेथे तलवारींऐवजी अंतराळयाने आहेत. तिने दोन व्यावसायिक खेळाडूंना मिळून दहा डाव हरवले. शेवटचा, प्रत्यक्ष प्रक्षेपणातला डाव मात्र पोलंडचा खेळाडू ‘माना’ याने जिंकला. एक यान तो अल्फास्टारच्या तळामागे वारंवार नेई आणि काढून घेई. ते दिसले की तिचे मोठे सैन्य मागे वळे, ते गेले की पुन्हा पुढे निघे. तेवढ्या वेळात मानाने आपले सैन्य वाढवले.

ज्या शाळेत किंवा घरी हा खेळ आहे, तेथे एक प्रयोग करून पाहावा. स्वतःचे रणांगण रचण्याची सोय खेळातच आहे. साध्या चिलखती स्वाराची किंमत १३५ (६० अन्न, ७५ सोने), भालाइताची ६० (३५ अन्न, २५ लाकूड). भाल्याचा स्वारावर जादा परिणाम धरूनही एकास एक लढतीत स्वारच जिंकतो. त्याला भालाईत मारायला पाच घाव लागतात, दर १.८ सेकंदाला एक, म्हणजे ९ सेकंद. भालाइताला सात घाव लागतात, दर ३ सेकंदांना एक, म्हणजे २१ सेकंद. तेव्हा एक स्वार सुमारे २.३३ भालाइतांच्या तोडीचा. आता जवळजवळ सारख्याच खर्चात १५ स्वार आणि ३४ भालाईत समोरासमोर ठेवा. मोकळ्या मैदानावर वर्ग-नियमाने ३४ चा वर्ग ११५६, त्यातून १५ च्या वर्गाची २.३३ पट, म्हणजे ५२५ गेले, उरले ६३१. वर्गमूळ सुमारे २५. भालाईत दणक्यात जिंकायला हवेत. मग हीच सैन्ये दोन भिंतींमधल्या एका माणसाच्या फटीत लढवा. तेथे ३४ भालाईत विरुद्ध १५ गुणिले २.३३, म्हणजे ३५, जवळजवळ बरोबरी. दोन्ही प्रयोग दहा-दहा वेळा करून आकडे लिहून ठेवावेत. मैदानावरही सगळे भालाईत एकदम स्वारांपर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे उरलेल्यांची संख्या २५ पेक्षा कमी भरण्याचा संभव अधिक. ती किती कमी भरते, यावरून ती लढाई दोन नियमांपैकी कोणत्याच्या जवळ होती ते काढता येईल.