पोरीची बॅग आईच्या खांद्यावर

गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हिरवंगार मैदान, टोपीवाले साहेब आणि 'तिथे आपलं काय काम?' हा प्रश्न. आमच्या स्वारगेटला खेळ म्हणजे नेहरू स्टेडियमवरचं क्रिकेट, नाहीतर सणस मैदानावर पळणारी पोरं. गोल्फचं मैदान तिकडे येरवड्याला. तिथल्या चौकाचं नावच 'गोल्फ क्लब चौक'. बायका पिशव्या सावरत तिथे उतरतात आणि आपापल्या कामाला लागतात. आत काय चालतं, याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं.

पण हा खेळ आता आपल्या पोरींचाही झालाय. 7 ऑगस्ट 2021 हा दिवस नीरज चोप्राच्या सोन्यामुळे सगळ्यांना आठवतो. त्याच दिवशी टोकियोत बंगळूरची अदिती अशोक ऑलिम्पिक पदकासाठी झुंजत होती. जागतिक क्रमवारीत तिचा नंबर होता 200वा! त्याआधी थोड्याच महिन्यांपूर्वी तिला कोरोना झालेला, अंगात पूर्वीची ताकद नव्हती. तरी तीन दिवस संपले तेव्हा ती दुसऱ्या क्रमांकावर होती. शेवटी चौथी आली. ब्राँझपदक एका फटक्याने हुकलं. इथे भल्या पहाटे उठून कितीतरी जणी टीव्हीसमोर बसल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच जणींना तोवर या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

खरं तर हिशेब अगदी सोपा आहे. महिन्याच्या किराण्याचं जसं आपण बजेट ठरवतो, तसं इथे प्रत्येक खड्ड्यासाठी, म्हणजे 'होल'साठी, फटक्यांचं बजेट ठरलेलं असतं. त्याला म्हणतात 'पार'. एक फटका वाचवला तर 'बर्डी', एक जास्त लागला तर 'बोगी'. असे अठरा होल खेळले की एक फेरी पूर्ण होते. मोठ्या स्पर्धेत बहुधा चार दिवसांत चार फेऱ्या होतात. टोकियोत एका फेरीचा पार 71 होता, म्हणजे चार दिवसांचं बजेट 284. अदितीने घेतले 67, 66, 68 आणि 68, एकूण 269. पंधरा फटके वाचवले! म्हणूनच गोल्फच्या बातमीत नावापुढे 'उणे' दिसलं की नाक मुरडायचं नाही, तिथे उणे तेच चांगलं.

पण मला त्या आकड्यांपेक्षा जास्त भावली ती अदितीच्या मागून चालणारी बाई. खेळाडूची बॅग वाहणाऱ्याला कॅडी म्हणतात. नुसतं ओझं वाहणं एवढंच त्याचं काम नाही. अंतर किती, वारा कुठला, कुठली काठी घ्यायची, हे सांगणारा आणि फटका चुकला तर धीर देणाराही तोच. टोकियोत अदितीची कॅडी होती तिची आई, महेश्वरी. 2016 ला रिओत अठरा वर्षांची अदिती पहिल्यांदा ऑलिम्पिक खेळली, तेव्हा बॅग वडिलांच्या खांद्यावर होती. हरियाणाच्या दीक्षा डागरला लहानपणापासून ऐकू येत नाही. तिची बॅग अनेकदा तिच्या कर्नल वडिलांनी वाहिली. याच दीक्षाने 2019 साली दक्षिण आफ्रिकेतली महिलांची ओपन स्पर्धा जिंकली.

आमच्या बचत गटात मी हे सांगितलं, तेव्हा एकीने विचारलं, "ताई, एवढी मोठी खेळाडू, अन् आईच हमाली करते?" दुसरी लगेच म्हणाली, "अगं, आपण नाही का पोरांची दप्तरं वाहत? तिची पोरगी मोठी झाली, म्हणून दप्तरही मोठं झालं!" मी काही बोललेच नाही. दोघींनी मिळून माझं भाषण संपवलं होतं.

हा खेळ महाग आहे, हे नाकारून चालणार नाही. पण दिल्लीच्या क्लबात कॅडीचं काम करत मोठा झालेला अली शेर 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय ठरला. बायकांसाठी तर पैशाच्या आधी दारच बंद होतं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा प्रसिद्ध क्लब 1754 चा. तिथे बायकांना सभासद करून घ्यायचं ठरलं 2014 साली. 260 वर्षं! अमेरिकेतल्या ऑगस्टा क्लबने 2012 मध्ये पहिल्या दोन महिला सभासद घेतल्या. अशा खेळात आपल्या मुली पाय रोवून उभ्या आहेत. 2023 च्या हांगझाऊ एशियाडमध्ये अदितीची सात फटक्यांची आघाडी शेवटच्या दिवशी गेली, सोन्याचं रुपं झालं. पण एशियाडमध्ये गोल्फचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. आणि पुढच्याच वर्षी पॅरिसला ती पुन्हा मैदानात हजर!

कधी स्पर्धा बघायचा योग आला तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. मोबाईलचा आवाज बंद. खेळाडू चेंडूपाशी उभी राहिली की बोलायचंही नाही, हलायचंही नाही. आणि एका जागी न बसता आवडत्या खेळाडूबरोबर चालायचं. पायात चपटे बूट हवेत, कारण अठरा होल म्हणजे सहा-सात किलोमीटरची चाल.

तुमच्या गावात गोल्फ नसेल, कबड्डी असेल, खो-खो असेल. मी वस्तीत काम करते, तिथे दरवर्षी बघते. पोरगी नववीपर्यंत मैदान गाजवते आणि दहावीला तिचे बूट माळ्यावर जातात. परत निघत नाहीत. भावाचे मात्र राहतात दाराशीच. तिला खेळायला कोणी बंदी घातलेली नसते, फक्त बॅग धरायला कोणी नसतं. पहाटे तिला मैदानावर सोडणं, संध्याकाळची भांडी एक दिवस भावाला घासायला लावणं, हरून आली तर 'कशाला गेली होतीस' न म्हणता गरम जेवण वाढणं... बॅग धरणं म्हणजे आणखी काय वेगळं असतं, सांगा बरं?