पुढचा शब्द कोणता?

एक वाक्य सांगतो. ‘शेतकऱ्यानं बैलांना पाणी पाजलं आणि औताला चष्मा जुंपला.’ चष्म्यापाशी थबकलात ना? ‘औताला’ म्हणताच आपल्या मेंदूनं बैल आणून उभे केले होते!

माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरींची पहिली नोंद जर्मनीत हान्स बर्गर यांनी 1924 साली केली. पुढे 1980 मध्ये अमेरिकेत मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांना असं आढळलं, की वाक्यात न जुळणारा शब्द आला की सुमारे 400 मिलिसेकंदांनी, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत, या लहरीत ठरावीक वळण उमटतं. मेंदू नुसता ऐकत बसत नाही. पुढचं ताडत असतो. पांढरकवड्याच्या स्टँडवर गलक्यात कंडक्टरचं ‘...कुटबन’ एवढंच कानी आलं तरी मुकुटबनचा प्रवासी उठतो. ‘मु’ त्याच्या मेंदूनं भरलेला असतो.

मात्र ताडायला आधीची शिदोरी लागते. झरी जामणी तालुक्यात एका कोलाम पोडावर मी शिक्षक होतो. पहिलीतला एक मुलगा महिनोन्‌महिने गप्प बसे. मी शेरा लिहिला, ‘आकलन कमी.’ एके दिवशी फळ्यावर पाण्याचं चित्र काढून विचारलं, हे काय? तो पुटपुटला, ‘ईर.’ मी ‘चूक’ म्हणालो. मागून चौथीतली मुलगी म्हणाली, ‘गुरुजी, आमच्यात पाण्याले ईरच म्हणतेत.’

कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. मराठीचं कुळ वेगळं. माझ्या वाक्यातला पुढचा शब्द त्या पोरानं ताडायचा कशावरून? त्याच्यासाठी प्रत्येकच शब्द ‘चष्मा’ होता. सगळी शक्ती शब्द पकडण्यात गेली, तर गणिताला काय उरणार? तो शेरा आजही मला टोचतो.

पुढे हाच मुलगा घरी कोलामी, पैनगंगेपलीकडच्या पाहुण्यांशी तेलुगू आणि माझ्याशी मराठी बोलू लागला. माणूस बदलला की क्षणात भाषा बदलायची, बाकीच्या दोन आवरायच्या. या कामात कपाळामागच्या भागाचा मोठा वाटा असतो. अनेक भाषांनी बुद्धी एकूणच तल्लख होते का, यावर संशोधकांत एकमत नाही. मीही तसा दावा करणार नाही.

त्यानंतर मी धडा सुरू करण्याआधी त्यातले पाच-सहा शब्द मुलांकडून कोलामीत विचारून घेऊ लागलो. माझे उच्चार ऐकून वर्ग हसायचा. सर्वांत मोठ्यानं तो हसायचा.