छिद्र लहान होते की मोठे?

नववीच्या वर्गात आम्ही विचारले, "धातूचे कडे तापवले तर त्याचे छिद्र लहान होईल की मोठे?" बहुतेक हात 'लहान'साठी वर आले. विद्यार्थीदशेत आम्हीही हेच उत्तर लिहून गुण गमावले होते!

मग प्रयोगशाळेतील गोळा व कडे काढले. तापवलेला गोळा कड्यात अडकला. कडेही तापवले, तेव्हा तोच गोळा अलगद खाली उतरला. म्हणजे छिद्र मोठे झाले.

असे का? एका अखंड पत्र्यावर वर्तुळ काढले आहे अशी कल्पना करा. पत्रा तापला की सर्व कण एकमेकांपासून थोडे दूर जातात. वर्तुळही मोठे होते. ते वर्तुळ कापून काढले तरी उरलेला पत्रा तसाच वाढतो. पूर्वी बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव याच नियमाने बसवीत. धाव तापवून चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचे. आकुंचन पावून ती घट्ट बसते.

आता आकारमान, म्हणजे तुमच्या हिंदी पुस्तकातील 'आयतन'. स्थायू पदार्थ लांबी, रुंदी व उंची या तिन्ही दिशांना वाढतो. १० सेंटीमीटर बाजूचा लोखंडी घन १०० अंश सेल्सिअसने तापवला, तर बाजू फक्त ०.०१२ सेंटीमीटरने वाढते. आकारमान मात्र १००० वरून सुमारे १००३.६ घन सेंटीमीटर होते. बाजूची वाढ ०.१२ टक्के, आकारमानाची ०.३६ टक्के, म्हणजे तिप्पट. वस्तुमान तेवढेच राहते, म्हणून घनता किंचित कमी होते.

घरीही हे लक्षात असू द्यावे. जाड काचेच्या थंड पेल्यात उकळता चहा एकदम ओतू नये. आतली काच लगेच प्रसरण पावते, बाहेरची थंडच राहते आणि त्या ताणाने पेला तडकतो. मुलांना भाजू शकते.

'तिप्पट' हा शब्द पाठ करून गुण मिळतील; पण कड्याचा प्रश्न आला की पाठांतर फसते. म्हणून यापुढे हा धडा आधी प्रयोगशाळेत आणि नंतर फळ्यावर शिकवायचा, असे आम्ही ठरविले आहे. विश्वस्त मंडळींनीही एकदा तो तास पाहावा, ही विनंती. मात्र येण्यापूर्वी आपले उत्तर मनात ठरवून ठेवावे!