गाडी पेट्रोल जास्त का खाते?

मोटारगाडी आता केवळ श्रीमंताच्या दारात उभी राहणारी वस्तू राहिलेली नाही. भाजीवाला, दूधवाला, मंडपवाला, शाळेची मुले नेणारा असे कितीतरी लोक जुनी गाडी विकत घेतात आणि तिच्यावर पोट भरतात. गाडी दोन-तीन हातांतून आलेली असते. विकणारा सांगतो, “अ‍ॅव्हरेज झकास आहे.” घरी आणल्यावर मात्र टाकीत पेट्रोल ठरत नाही. मग माणूस गांगरतो. एक म्हणतो इंजिन गेले. दुसरा म्हणतो पेट्रोलच खराब. तिसरा म्हणतो विकून टाक. अशा वेळी काय करावे, ते या पाठात पाहू.

आपण मारुतीची ओम्नी डोळ्यांसमोर ठेवू. ही गाडी १९८४ साली निघाली आणि २०१९ साली कारखान्यात बनायची बंद झाली. पण जुन्या ओम्नी रस्त्यावर अजून दिसतात. तिला तीन सिलिंडर, आणि इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे. इथे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी पेट्रोलवर चालणाऱ्या कोणत्याही जुन्या गाडीला लागू पडतात.

आधी हिशेब

समजा, एका भाजीवाल्याची ओम्नी महिन्याला १५०० किलोमीटर चालते. गाडी लिटरला १५ किलोमीटर गेली, तर पेट्रोल लागेल १०० लिटर. तीच गाडी लिटरला १२ किलोमीटर गेली, तर लागेल १२५ लिटर. हिशेबाला सोपे म्हणून भाव १०० रुपये धरा. महिन्याला अडीच हजार रुपये जास्त गेले. वर्षाला झाले तीस हजार. एवढ्या पैशात मुलांची फी भागते, घरावरचे पत्रे बदलता येतात. तेव्हा ही गोष्ट “जाऊ द्या” म्हणून सोडण्यासारखी नाही.

पण गाडी खरेच १२ जाते की नुसते आपल्याला वाटते? हे मोजल्याशिवाय कळत नाही. “परवाच पाचशेचे टाकले, आज संपले,” याला मोजणे म्हणत नाहीत. मोजण्याची रीत अशी:

पंपावर जाऊन टाकी भरा. नळी आपोआप पहिल्यांदा बंद पडली की थांबा. वर आणखी ओतू नका. मीटरचा आकडा वहीत लिहा. समजा तो ४८,३१० आहे. आता नेहमीसारखी गाडी चालवा. टाकी बरीच उतरली की त्याच पंपावर या. पुन्हा नळी पहिल्यांदा बंद पडेपर्यंत भरा. आता मीटर ४८,५८० दाखवते आणि पेट्रोल बसले २२.५ लिटर. म्हणजे गाडी गेली २७० किलोमीटर. २७० ला २२.५ ने भागा. उत्तर १२ येते. असे लागोपाठ तीनदा करा. एका वेळच्या आकड्यावर विसंबू नका, कारण टाकी दर वेळी अगदी सारखी भरत नाही.

जुन्या गाडीत मीटरही तपासले पाहिजे. आधीच्या मालकाने वेगळ्या मापाचे टायर बसवले असतील, तर मीटर चुकीचे सांगते. टायर मोठे असतील तर मीटर कमी किलोमीटर दाखवते. गाडी चांगली जात असते, आणि आपण तिला उगाच नावे ठेवतो. मोठ्या रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात. त्यांच्यावरून १० किलोमीटर जा आणि मीटरशी ताडून पाहा.

पंपाच्या मापाचा संशय आला, तर भांडण करू नका. प्रत्येक पंपावर वजनमाप खात्याचा शिक्का मारलेले पाच लिटरचे माप ठेवावे लागते. त्यात मोजून दाखवा, असे म्हणण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे.

नव्या पेट्रोलचा वाटा किती?

आजकाल पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. इथेनॉल म्हणजे ऊस, मका, खराब झालेले धान्य यांपासून बनवलेला मद्यार्क. आपल्या महाराष्ट्रातले अनेक साखर कारखाने तो बनवतात. शंभर भागांत वीस भाग इथेनॉल असलेले पेट्रोल आपल्या देशात २०२३ साली पंपांवर येऊ लागले. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ताकद असते. त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडे उतरणारच.

थोडे म्हणजे किती? सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने २०२१ साली अंदाज दिला. जुन्या धाटणीच्या चारचाकी गाड्यांत शेकडा ६ ते ७ इतकी घट होईल, असे त्यांनी म्हटले. १५ चे शेकडा ७ म्हणजे एक किलोमीटर. म्हणजे १५ जाणारी गाडी १४ जाईल. आपली गाडी १२ जाते आहे. मग उरलेले दोन किलोमीटर कुठे गेले? तेव्हा सगळे खापर पेट्रोलवर फोडू नका. गाडीत आणखी काहीतरी आहे. ते शोधायचे.

शोधताना एक नियम पाळा. आधी फुकटचे तपासा, मग स्वस्ताचे, आणि महागाचे शेवटी.

फुकटात होणारी तपासणी

पहिले टायर. चालकाच्या दाराच्या चौकटीजवळ किंवा गाडीच्या पुस्तकात हवा किती पौंड हवी ते छापलेले असते. ते वाचा. पंक्चरवाल्याच्या अंदाजावर जाऊ नका. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. चाक तापले की दाब वाढलेला दिसतो आणि आपण फसतो. हवा कमी असली की टायर रस्त्याला चिकटल्यासारखा चालतो. नुसत्या हवेने तीन किलोमीटरचा फरक पडत नाही, हेही खरे. पण टायर लवकर झिजतो, पेट्रोल थोडे जाते, आणि दुरुस्तीला काहीच खर्च नाही.

दुसरे ब्रेक. जुन्या गाडीत ब्रेक किंवा हँडब्रेकची तार गंजून अडकते. पाय काढला तरी ब्रेक पुरता सुटत नाही. बैलाने गाडी ओढायची आणि मागून कोणी चाक धरून ठेवायचे, तसा हा प्रकार. ओळखायचे कसे? पाचसहा किलोमीटर, फारसा ब्रेक न लावता गाडी चालवा. हळूहळू थांबू द्या. खाली उतरून प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या. हात लावू नका, भाजेल. तीन चाके कोमट आणि एक चाक चांगलेच तापलेले असेल, तर तिथे ब्रेक अडकला आहे. दुसरी खूण अशी: अगदी सपाट जागी गाडी गिअरमधून काढून दोघांनी ढकलली, तर ती सहज हलली पाहिजे. ब्रेक मात्र स्वतः खोलू नका. तो जिवाचा प्रश्न आहे. मिस्त्रीकडेच जा.

तिसरी गळती. थेंबे थेंबे तळे साचते, तशी थेंबे थेंबे टाकीही रिकामी होते. गाडीभोवती पेट्रोलचा वास येतो का? रात्री गाडी उभी असते तिथे डाग पडतो का? जुन्या रबरी नळ्या कडक होऊन चिरतात. इथेनॉलने जुन्या रबराला आणखी त्रास होऊ शकतो. वास आला तर काडी ओढून पाहायला जाऊ नका. गाडी सुरूही करू नका. आधी मिस्त्रीला बोलवा.

चौथे, आपली स्वतःची सवय. गाडीच्या टपावर रिकामी लोखंडी घोडी बारा महिने बांधलेली आहे का? गिऱ्हाइकाशी बोलताना इंजिन चालूच असते का? उभ्या गाडीचे अ‍ॅव्हरेज शून्य असते, हे लक्षात ठेवा. एकदम वेग घ्यायचा आणि लगेच ब्रेक दाबायचा, यात पेट्रोलचा धूर होतो. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील, तर इंजिन तापायच्या आतच काम संपते. अशा गाडीला लांबच्या गाडीइतके अ‍ॅव्हरेज मिळणार नाही.

थोड्या खर्चाची तपासणी

आता इंजिनाकडे वळू. इंजिन गार असताना मिस्त्रीकडून प्लग काढून घ्या आणि स्वतः पाहा. प्लगचे टोक म्हणजे इंजिनाची जीभ. वैद्य जीभ पाहतो, तसे ते पाहावे. टोक फिकट विटकरी किंवा राखाडी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडते आहे. ओले, तेलकट काळे असेल तर ऑइल वर येते आहे.

तीनही प्लग शेजारी शेजारी मांडा. एकच काळा आणि दोन चांगले असतील, तर दोष त्या एका सिलिंडरचा आहे. प्लग, त्याची वायर असे काहीतरी. तीनही काळे असतील, तर दोष सगळ्यांना सामाईक आहे. हवेची जाळी, चोक किंवा पेट्रोल देणारी यंत्रणा तपासावी.

इथे एक भेद ध्यानात घ्यावा. सन २००० च्या सुमारापर्यंतच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर असे. त्यात हवेची जाळी, म्हणजे एअर फिल्टर, तुंबली की पेट्रोल जास्त जाते. चोक अर्धवट अडकला तरी तेच होते. नंतरच्या गाड्यांत इंजेक्शन आले. हवा कमी आली, तर ही गाडी पेट्रोलही कमी सोडते. म्हणून तिची जाळी तुंबली तर गाडीची ओढ कमी होते, पण अ‍ॅव्हरेज फारसे बिघडत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली गाड्या तपासून हेच दाखवले. तेव्हा इंजेक्शनच्या गाडीत नुसती जाळी बदलून चमत्काराची वाट पाहू नका.

इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या नळीवर ऑक्सिजन सेन्सर असतो. जळण नीट होते की नाही, हे तो सांगतो. तो बिघडला की गाडी आंधळेपणाने पेट्रोल ओतते. समोरच्या फळीवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटून राहिला, तर दुर्लक्ष करू नका. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून घ्या. दोषाचा आकडा मिळतो, तो वहीत उतरवा.

आणखी एक दोष जुन्या गाडीत पुष्कळदा सापडतो. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची लहानशी झडप असते. इंजिन पुरते तापेपर्यंत ती पाणी अडवून धरते. गाडी गरम होते, अशी तक्रार आली की काही मिस्त्री ही झडपच काढून फेकतात. मग इंजिन कायम थंड राहते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून ते जास्त लागते. पंधरावीस मिनिटे चालवूनही उष्णतेचा काटा खालीच राहत असेल, तर विचारा, “थर्मोस्टॅट आहे की काढलाय?”

महागाचे शेवटी

इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने धावत नाही, विशेषतः चढावर. असे असेल तर क्लच घसरतो आहे. सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि ऑइल वारंवार घालावे लागते, तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले असावेत. तरीही इंजिन खोलायला होकार देण्याआधी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्या. याला कॉम्प्रेशन पाहणे म्हणतात. आकडे चांगले आले, तर इंजिन खोलण्याची घाई कशाला? नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत व्हायची. ब्रेक अडकलेला, आणि आपण इंजिनावर पंचवीस हजार घालवून बसायचे!

एका वेळी एकच दुरुस्ती करा. मग पुन्हा टाकी भरून मोजा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने गुण आला ते कळत नाही. मिस्त्री आपला शत्रू नाही. पण “गाडी लई पेट्रोल खाते” एवढेच सांगितले, तर तो बिचारा तरी काय करणार? त्याऐवजी वही उघडा आणि सांगा, “दादा, तीन टाक्यांचा हिशेब हा. मागचे डावे चाक तापते. प्लग तिन्ही ठीक आहेत.” दुखणे नेमके सांगणाऱ्याला औषधही नेमके मिळते.

अभ्यास

१. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीच्या दाराजवळ हवेचे किती पौंड छापले आहेत, ते वाचून लिहा.

२. एक गाडी ३२४ किलोमीटर गेली आणि १८ लिटर पेट्रोल बसले. अ‍ॅव्हरेज किती?

३. एक चाक इतरांपेक्षा जास्त तापते. दोष कोणता असेल? दुरुस्ती कोणाकडून करून घ्याल?

४. गाडीसाठी एक वेगळी वही करा. तारीख, मीटरचा आकडा, लिटर आणि रुपये असे चार रकाने आखा. पुढची टाकी भराल, त्याच दिवशी पहिली ओळ लिहा.