निर्दोष सुटले, मग गुन्हेगार कोण?

29 सप्टेंबर 2008. रमजानचे शेवटचे रोजे, ईदच्या खरेदीची गर्दी. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. रात्री साडेनऊच्या सुमारास मालेगावच्या भिक्कू चौकात स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. सतरा वर्षे खटला चालला. 31 जुलै 2025 रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मृतांच्या वारसांना 2 लाख आणि जखमींना 50 हजार रुपये देण्याचा आदेश झाला. आपला माणूस कोणी मारला, हे मात्र त्या घरांना आजही कळलेले नाही. निकालाविरुद्ध काही नातेवाईक उच्च न्यायालयात गेले आहेत.

दहशतवादी पहिला घाला घालतो तो जगण्याच्या हक्कावर. त्यावर दुमत असूच शकत नाही. पण नंतरच्या तपासात आणखी कोणाचे हक्क जातात, हे पाहायचे तर मालेगावचाच आधीचा खटला पाहावा लागतो.

8 सप्टेंबर 2006, शुक्रवार. त्या दिवशी शब-ए-बारात होती. आदल्या पिढीतल्या माणसांच्या कबरींवर फातेहा पढण्याचा हा दिवस, त्यामुळे जुम्म्याच्या नमाजनंतर बडा कबरस्तान आणि हमीदिया मशिदीचा परिसर गजबजलेला होता. तिथे आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. 31 जण मृत्युमुखी पडले. पकडले गेले ते नऊ मुस्लिम तरुण. ज्या समाजाने प्रेते उचलली, त्याच समाजाच्या दारात पोलीस उभे राहिले.

पाच वर्षांनी, नोव्हेंबर 2011 मध्ये नऊही जणांना जामीन मिळाला. सात जण बाहेर आले, दोघांना दुसऱ्या खटल्यामुळे आतच राहावे लागले. राष्ट्रीय तपास यंत्रणेने 2013 मध्ये वेगळ्याच चौघांवर आरोपपत्र ठेवले. तरीही पहिल्या नऊ जणांच्या नावावरचा डाग पुसायला 25 एप्रिल 2016 उजाडावा लागला. तोवर एक जण हे जग सोडून गेला होता. शब-ए-बारातच्या दिवशी मुस्लिमांनीच आपल्या माणसांना मारण्याचा कट करावा हे पटण्यासारखे नाही, असा न्यायालयाचा अभिप्राय होता. एवढी साधी शंका घ्यायला दहा वर्षे का लागावीत?

नंदुरबारहून रेल्वेने सरळ जाता येणाऱ्या भुसावळचे प्रकरण तर आणखी लांबले. 1994 मध्ये टाडाखाली अकरा जणांवर गुन्हा दाखल झाला. टाडा कायदा 1995 मध्ये मुदत संपून गेला, खटला मात्र राहिला. 27 फेब्रुवारी 2019 रोजी नाशिकच्या विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी अकराही जणांना सोडले. मध्ये पंचवीस वर्षे गेली. आरोपीच्या घरची सोयरीक मोडते, भाड्याने खोली मिळत नाही, नोकरी विचारायला गेले की आधी वर्तमानपत्राचे कात्रण समोर येते. निकालाच्या दिवशी यातले काहीही परत मिळत नाही.

कायदे कडक हवेत, हे 26/11 नंतर कोणालाही पटेल. त्याच वर्षी यूएपीए कायद्यात दुरुस्ती होऊन आरोपपत्रासाठी 180 दिवसांपर्यंत मुदत मिळाली आणि जामीन फार अवघड झाला. म्हणजे निकालाआधीच शिक्षा भोगून होते. अशा वेळी चुकीचा माणूस पकडला तर खरा गुन्हेगार निवांत राहतो, पुरावे जुने होतात, साक्षीदार थकतात किंवा मरतात. म्हणून निरपराध आरोपीचा हक्क आणि स्फोटात मेलेल्याच्या आईचा हक्क यांना एकमेकांसमोर उभे करणे चूक आहे. दोघांनाही खराच गुन्हेगार हवा आहे.

विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये 277 व्या अहवालात चुकीच्या खटल्यांत अडकलेल्यांना भरपाई मिळावी म्हणून वेगळ्या कायद्याची शिफारस केली. तो कायदा झालेला नाही. पैशाचे सोडा, सुटलेल्या माणसाला ‘आमची चूक झाली’ असे दोन ओळींचे पत्र देण्याचे बंधनही आज कोणावर नाही.