हँडल बदलले आणि हाताला मुंग्या आल्या

हाताला मुंग्या येतात म्हणून दवाखान्यात येणारे रुग्ण पूर्वी बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या बायका असत. धुणे, भांडी, विळी आणि जोडीला मधुमेह किंवा थायरॉईड. आता त्यांच्या रांगेत बाविशी-पंचविशीची पोरेही दिसतात. जेएनपीटी बंदर 1989 साली सुरू झाले. आमच्या चिरनेर परिसरातली तरुण मंडळी तिकडे शिफ्टच्या नोकरीला जाऊ लागली आणि मोटारसायकल ही चैन न राहता गरज झाली. रोजच्या वापरातली वस्तू नटवावीशी वाटणारच. त्यात पहिला मान हँडलचा.

म्हणून अशा तरुणाला औषध लिहून देण्याआधी मी म्हणतो, "गाडी बाहेर आहे ना? बसून दाखव बघू."

हँडल खाली आणि पुढे असेल तर कमरेवरचा भार तळहातांवर येतो आणि मनगट मागे मुडपते. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटांच्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. मनगट तासभर मुडपलेले राहिले, त्यात इंजिनाची थरथर आणि कंटेनरच्या ट्रेलरांनी उखडलेला रस्ता, की ही नस दबते. अंगठा, त्याजवळची दोन बोटे आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू बधिर होत असेल तर नस दुसरी. ती करंगळीच्या बाजूला, तळहाताच्या मुळाशी दबते. लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांनाही हाच त्रास होतो.

उंच हँडलची तऱ्हा निराळी. हात खांद्याच्या वर गेले की गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांमधून जाणाऱ्या नसा व रक्तवाहिन्या ताणल्या जातात. हात जड होतात, पाठीला पोक येते.

बेताचे हँडल ओळखणे सोपे आहे. ताठ बसावे, खांदे सैल, कोपर किंचित वाकलेले, मनगट सरळ रेषेत. हँडलने आपल्या हाताशी यावे, आपण हँडलच्या मागे धावू नये. दोन्ही हातांचे मागचे भाग एकमेकांना टेकवून, बोटे खाली करून मिनिटभर धरावे. मुंग्या आल्या तर नस दबल्याचा संशय घ्यावा. सुरुवातीच्या दिवसांत हँडल पूर्ववत करणे आणि रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधणे एवढ्यानेही बऱ्याच जणांना आराम पडतो. अंगठ्याखालचा मांसल भाग सुकू लागला किंवा हातातून वस्तू पडू लागल्या तर नसांची तपासणी करून घ्यावी. 'ताकदीची सुई द्या' असा हट्ट धरू नये. बी-12 कमी असेल तर तिचा उपयोग. दबलेली नस तिने सुटत नाही.

आता वायरींकडे वळू. त्या हँडलच्या बाहेर दिसू नयेत म्हणून पाइपला भोके पाडून आतून ओढून घेण्याची टूम आहे. दिसते छान, हे मान्य. पण भोकाची धार कानशीने घासून तिथे रबर बसवले नाही तर थरथरीने वायरीचे आवरण कापले जाते. बारा व्होल्टचा शॉक लागणार नाही. पण फ्यूज उडून रात्री ट्रेलरसमोर दिवा जाईल. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा अडकवणारे महाभाग तर वायर जळायचीच सोय करतात. पाइपच्या आत वायरीला जोड नको, आणि भोक बाकावर किंवा पकडीजवळ नको. पाइप तिथेच तडकतो. पावसाचे पाणी आत साचते ते वेगळेच.

हँडल उंच केले पण केबली जुन्याच ठेवल्या तर आणखी धोका. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. रेस आपोआप वाढली तर ती गाडी गॅरेजबाहेर काढू नये. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते, हेही मेकॅनिक सांगत नाही.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मुठीच्या टोकाचे बूच. वायरी ओढताना ते काढतात आणि तसेच विसरतात. गाडी पडली की पाइपचे उघडे टोक पोटात घुसते. लहान मुलाला टाकीवर बसवलेले असेल तर मार त्याला. वरून फक्त गोल वळ दिसतो. आत प्लीहा, यकृत किंवा आतडे फाटलेले असू शकते, आणि लक्षणे काही तासांनी उमटतात. अशा मुलाला वेदनाशामक गोळी देऊन झोपवू नये. पोट दुखणे वाढले, पोट कडक झाले, डावा खांदा दुखू लागला, उलटी झाली किंवा चेहरा पांढरा पडला, तर तोंडाने काहीही न देता सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे. यांपैकी काही नसले तरी वळ दिसताच डॉक्टरांना दाखवावे, त्याच दिवशी.