कुंडीतलं झाड शेतातल्यासारखं का वागत नाही?

झाडांवर काम करणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रयोग कुंडीतच होतो. जागा कमी लागते आणि पाऊस आला की कुंड्या शेडखाली ओढता येतात. माझा पहिला प्रयोगही अकोल्यात, कुंडीतल्या संत्र्याच्या कलमांवर होता. ऑगस्टपर्यंत निम्मी कलमं पिवळी पडली. उपटून पाहिलं तर मुळं काळी आणि सडलेली.

चूक कुठे झाली? पाण्याचं वेळापत्रक मी थंड प्रदेशात कुंडीतला ऑलिव्ह कसा सांभाळायचा यावरच्या एका परदेशी पुस्तकातून घेतलं होतं. जून ते ऑगस्ट रोज पाणी, हिवाळ्यात अगदी कमी, तळाशी दगडांचा थर. आता हसू येतं, पण त्यांचा जून-ऑगस्ट म्हणजे उन्हाळा आणि आपला पावसाळा, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. ढगाळ, दमट हवेत झाड पाणी कमी ओढतं. मी मात्र रोज ओततच होतो.

सल्ला चुकीचा नव्हता. त्यातलं ‘का’ मी वाचलं नव्हतं. ऑलिव्हला फुलायला हिवाळ्याची थंडी लागते. पण कुंडीभोवती जमिनीचं पांघरूण नसतं, म्हणून मुळं लवकर गोठतात. म्हणून कुंडी थंड पण न गोठणाऱ्या जागी ठेवायची, आणि वाढ मंदावलेली असल्याने पाणी कमी द्यायचं. आपल्या संत्र्यालाही विश्रांती लागतेच. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ थांबते आणि फेब्रुवारीच्या सुमारास आंबिया बहार फुटतो. मृग बहारासाठी शेतकरी मे महिन्यात पाणी तोडून ताण देतो. एक विश्रांती थंडीची, दुसरी कोरडेपणाची. वेळापत्रक बदलतं, त्यामागची क्रिया तीच राहते. तुम्हाला उचलायची आहे ती क्रिया.

आता कुंडीबद्दलच्या तीन गोष्टी, ज्या मला उशिरा कळल्या.

पहिली: कुंडीच्या तळाशी पाणी साचून राहतं. भोक असलं तरी तळाची माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी बाहेर पडत नाही, आणि निथळल्यावरही तो थर ओलाच राहतो. दगड घातले तर तो ओला थर खाली जात नाही, उलट वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. कुंडी जितकी बुटकी, तितका त्रास जास्त.

दुसरी: आपली काळी माती. वाळली की ती आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली पळतं. भोकातून पाणी आलं म्हणजे माती भिजली, असं समजू नका.

तिसरी: कुंडीचा आकार. २०१२ मध्ये पूर्टर आणि सहकाऱ्यांनी ६५ अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली. कुंडी दुप्पट केली की झाडाचं वस्तुमान सरासरी ४३ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे तुम्ही खताचा परिणाम मोजताय असं वाटतं आणि प्रत्यक्षात मुळांना अपुरी पडलेली जागा मोजत असता.

मग करायचं काय? कुंडी वजन करा. पाणी भरपूर द्या, तोंड झाका, निथळू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन घ्या. हे भरलेलं वजन. त्याच मातीचा नमुना ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवून कुंडीत कोरडी माती किती आहे ते काढा. त्यावरून माती किती पाणी धरते ते कळतं. समजा ती ४ किलो पाणी धरते आणि वजन १ किलोने उतरलं, तर पाव पाणी खर्च झालं. किती खर्च झाल्यावर पुन्हा द्यायचं हे तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे, पण ते प्रयोगाआधी वहीत लिहून ठेवा. झाड वाढलं की त्याचंही वजन वाढतं, त्यासाठी दोन-चार कुंड्या जास्तीच्या ठेवा.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कुंडीत ताण काही दिवसांतच बसतो, कारण मुळांना खाली जायला जागाच नसते. वरूड-मोर्शीच्या भारी जमिनीतल्या बागेत तो हळूहळू बसतो, हलक्या जमिनीत त्याहून लवकर. त्यामुळे ‘इतके दिवस पाणी तोडा’ हा कुंडीतला आकडा बागेला लागू होत नाही. कुंडी सांगते झाड कोरडेपणाला कसा प्रतिसाद देतं. किती दिवसांनी, ते बागेतच मोजावं लागतं.

माझी कलमं मेली, एक हंगाम गेला, एवढंच. तुमचा कुंडीतला आकडा वाचून कुणी शेतकऱ्याने आठ-दहा वर्षांच्या बागेचं पाणी तोडलं, तर त्याचा हंगाम जाईल. म्हणून निष्कर्ष लिहिताना कुंडीचं माप, मातीचा प्रकार आणि पाणी देण्याची पद्धत आधी लिहा. आकडा त्यानंतर.